मृगात मृग दिसत नाही

मृग लागला त्या दिवशी मी योगायोगाने मुळशीत होतो. ताईचं सासर तिथलं. सकाळी तिच्या सासूबाईंनी हिंग-गुळाची गोळी हातावर ठेवली, पंचांगात या वर्षी मृगाचं वाहन काय आहे यावर बाहेर पडवीत चर्चा झाली, आणि पाऊस मात्र नेहमीप्रमाणे कुणाचंही न ऐकता दोन दिवस आधीच येऊन गेला होता. भाताची रोपं टाकून झाली होती. संध्याकाळी ढग जरा फाटले, तेव्हा भाचा विचारता झाला, "मामा, आज मृग लागला ना? मग रात्री मृग नक्षत्र दाखव."

मी म्हटलं, "नाही दिसणार. मृगात मृग दिसत नाही."

त्याला ही थाप वाटली. आजीकडे जाऊन खात्री करून आला! मग समजावून सांगावं लागलं. आपण 'मृग लागला' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ सूर्य मृगात आलेला असतो. म्हणजे ते तारे दिवसा सूर्याबरोबर उगवतात आणि त्याच्याच मागोमाग मावळतात. मृग बघायचा तर डिसेंबर-जानेवारीत ये, जेवणं झाल्यावर अंगणात उभा राहा, डोक्यावर असतो. ते त्याला पटलं. पण पुढचा प्रश्न तयार होताच. "वेब दुर्बिणीला तर दिसत असेल ना? ती तर आकाशात आहे."

आणि गंमत म्हणजे, तिलाही दिसत नाही. सूर्यापासून 85 ते 135 अंशांच्या पट्ट्यातच वेबला पाहता येतं. तोंड त्याच्या फार जवळ गेलं तर पडद्याची सावली सुटेल आणि दुर्बीण तापेल. म्हणजे शंभर कोटी डॉलरचे कितीतरी पट खर्च करून बांधलेली दुर्बीणसुद्धा पंचांग बघूनच चालते!

भाचा झोपला, माझ्या डोक्यात मात्र हा विषय घोळत राहिला. अशा दुर्बिणीचा वेळ मिळाल्यावर लोक नक्की काय ठरवतात? कुठे बघायचं आणि केव्हा बघायचं हे झालंच. पण वर्णपटमापक वापरायचा तर तिसरा प्रश्न येतो, आणि तो सगळ्यात अवघड. कोणत्या तरंगलांबीपासून कोणत्या तरंगलांबीपर्यंत बघायचं? या तिसऱ्या प्रश्नाचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि त्यात आपलीही माणसं आहेत. म्हणून ही नोंद.

थोडी पूर्वतयारी. 1800 साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा आणखी चढला. तो अवरक्त प्रकाश. त्याची लांबी मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोळ्यांची धाव साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन. आपलं अंग स्वतः 9-10 मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक 'चमकतं'. आकाशातली थंडगार धूळ, जिच्यात तारे जन्मतात, ती चमकते 100-200 मायक्रॉनच्या घरात.

हा प्रकाश जमिनीवरून बघण्यात दोन अडचणी. एक म्हणजे दुर्बीण स्वतः गरम असते, म्हणून तीही चमकते. ताम्हिणीत काजवे बघायला जायचं आणि गाडीचे दिवे चालू ठेवायचे, तसला प्रकार. दुसरी अडचण पाण्याची वाफ. हवेतली वाफ अवरक्ताचे मोठमोठे पट्टे गिळून टाकते. जुलैतल्या मुळशीची कल्पना करा. घरात भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, समोरचा डोंगर आठ-आठ दिवस दिसत नाही. अवरक्त बघणाऱ्याच्या दृष्टीने सगळी पृथ्वीच कमीअधिक प्रमाणात जुलैतली मुळशी आहे. म्हणून वर जायचं, वाफेच्या वर.

उपग्रह परवडत नव्हते त्या काळात आपल्याकडे वर जायचा मार्ग होता फुग्यांचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, होमी भाभांच्या वेळेपासून विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी प्लास्टिकचे प्रचंड फुगे उडवले जात. पुढे हैदराबादला त्यासाठी कायमचं केंद्र उभं राहिलं. तिथून 1980 च्या दशकात एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण तीसेक किलोमीटर उंचीवर जाऊ लागली. तिथे खालची जवळजवळ सगळी हवा आणि तिच्यासोबत सगळी वाफ पायाखाली राहते. फुगा रात्री काही तास तरंगतो, खालून रेडिओने आज्ञा द्यायच्या, मग दुर्बीण हवाई छत्रीने खाली येते आणि ती शोधून आणायला माणसं निघतात. नशीब चांगलं असेल तर डागडुजी करून तीच दुर्बीण पुन्हा वर.

आता त्या रात्रीचं नियोजन डोळ्यांसमोर आणा. वारे सौम्य असतील तेच महिने हाताशी. एका उड्डाणात मोजके तास. त्यात कोणता तेजोमेघ किती वाजता किती उंच असेल ते आधी मांडायचं. दुर्बिणीच्या मागे जे उपकरण लावून पाठवलं तेच, वर गेल्यावर बदलता येत नाही. काही उड्डाणांत 150 आणि 200 मायक्रॉनच्या आसपासचे दोन रुंद पट्टे एकाच वेळी मोजले जात. दोन पट्ट्यांतल्या उजेडाच्या गुणोत्तरावरून धुळीचं तापमान काढता येतं. शोधक शून्याच्या वर जेमतेम 0.3 अंश केल्विनपर्यंत थंड केलेला असे. हे आपल्याकडे, त्या काळात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पण रुंद पट्टा म्हणजे वर्णपट नव्हे. त्याने मेघ किती तापलाय ते कळतं, मेघात कोण राहतं ते कळत नाही. त्यासाठी रेषा लागतात. प्रत्येक अणू-रेणूची ठरलेली तरंगलांबी असते, सहीसारखी. दूर-अवरक्तातली सगळ्यात महत्त्वाची सही आहे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची, 157.74 मायक्रॉनवर. वायूचा ढग आकसून तारा व्हायचा तर त्याला आतली उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि ही रेषा म्हणजे ती उष्णता बाहेर पडायचा एक मोठा दरवाजा. 1980 साली ही रेषा पहिल्यांदा पकडली गेली तीही विमानात दुर्बीण बसवून, आणि पकडली गेली ती मृगातल्या तेजोमेघात.

1990 च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या शास्त्रज्ञांनी याच रेषेसाठी बनवलेला वर्णपटमापक आपल्या एक मीटर दुर्बिणीला जोडला गेला. उपकरण जपानचं, दुर्बीण मुंबईची, फुगा हैदराबादचा! इथे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अगदी अरुंद होतं. बघायची ती फक्त 158 मायक्रॉनची रेषा आणि तिच्या दोन्ही अंगांची थोडी मोकळी जागा. ती मोकळी जागा का, तर शेताचा बांध दिसल्याशिवाय शेत किती ते कळत नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंची सपाट पातळी मोजली नाही तर रेषा किती उंच हे कोण सांगणार? या जोडीने मृगातल्या तेजोमेघाचा कार्बनच्या रेषेतला नकाशा काढला, तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे दक्षिण आकाशातल्या आरसीडब्ल्यू 38 या तारे जन्मणाऱ्या प्रदेशाचाही झाला.

अरुंद बघण्याचा फायदा उघड आहे. हातात पाच-सहा तास असताना सगळं आकाश आणि सगळे रंग मागणारा माणूस सकाळी रिकाम्या हाताने परततो. एकच रेषा मागणाऱ्याला ती मिळते. तोटाही उघड आहे. जे मागितलं तेवढंच मिळतं.

आता उपग्रहांकडे येऊ. 17 नोव्हेंबर 1995 ला युरोपची 'आयसो' ही अवरक्त वेधशाळा आकाशात गेली. दुर्बीण 60 सेंटिमीटरची, म्हणजे आपल्या फुग्यावरच्यापेक्षा लहान. पण ती द्रव हेलियममध्ये बुडवल्यासारखी थंड केलेली होती, त्यामुळे गाडीचे दिवे बंद! तिच्यावर दोन वर्णपटमापक होते. एक साधारण 2.4 ते 45 मायक्रॉनचा, दुसरा 43 ते 197 चा. हेलियम हळूहळू उडून जाणार आणि तो संपला की खेळ संपला. ठरलेलं आयुष्य दीड वर्षाचं. शिवाय चोवीस तासांच्या प्रदक्षिणेतले काही तास पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून जायचं, त्या वेळी काम बंद. उरले रोजचे सोळा-सतरा तास.

छोट्या तरंगलांबीच्या उपकरणासाठी लोकांना चार तऱ्हांनी वेळ मागता येई. सगळा वर्णपट भरभर चाळायचा, पण मग बारकावे पुसट. किंवा ठरावीक रेषाच मोजायच्या. किंवा अमुकपासून तमुकपर्यंतचा एक पट्टा पूर्ण बारकाईने बघायचा. किंवा काही थोड्या रेषा त्याहून कितीतरी तीक्ष्णपणे. तिसरी तऱ्हा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी वाटते. कारण तिथे माणसाला दोन आकडे लिहून द्यावे लागतात. इथून सुरू, इथे थांब. हे दोन आकडे लिहिताना काय काय बघायचं? रेषा प्रयोगशाळेत कुठे येते. वस्तू आपल्याकडे येतेय की लांब जातेय, त्याने ती किती सरकेल. दोन्ही बाजूंना बांध किती सोडायचा. पट्टा दोन शोधकांच्या सीमेवर तर येत नाही ना. आणि किती सावकाश चालायचं, कारण पट्टा दुप्पट केला तर तेवढ्याच वेळात प्रत्येक बिंदूला निम्मा वेळ मिळतो.

आणखी एक मजा. त्या शोधकांना आठवण असे. म्हणजे एकदा भक्कम उजेड पाहिला की तो गेल्यावरही काही काळ त्याचा असर राही. म्हणून तोच पट्टा एकदा चढत आणि एकदा उतरत वाचायचा, दोन्ही वेळा जे दिसेल ते खरं धरायचं. माणसांच्या बाबतीतही वाईट पद्धत नाही ही :)

आयसोच्या कहाणीतला माझा आवडता भाग मृगाचाच. सूर्य आणि पृथ्वी यांच्यापासून तोंड वळवून ठेवायच्या अटी अशा जमून आल्या होत्या की नियोजित दीड वर्षात मृगाचा भाग दुर्बिणीला दिसणारच नव्हता. तारे जन्मण्याची आपल्या जवळची सगळ्यात मोठी जागा, तेराशे-चौदाशे प्रकाशवर्षांवरची, आणि तीच यादीतून बाद. पण हेलियम अपेक्षेपेक्षा सावकाश उडाला. आयसो अठ्ठावीस महिन्यांहून जास्त चालली, 8 एप्रिल 1998 पर्यंत. त्या वाढीव काळात मृग खिडकीत आला. आणि तिथे काय सापडलं? पाणी! लांब तरंगलांबीच्या उपकरणाने तेजोमेघातल्या पाण्याच्या वाफेच्या रेषा पकडल्या. संशोधकांच्या हिशेबाने पृथ्वीवरचे सगळे समुद्र दिवसाला साठ वेळा भरतील इतकं पाणी तो ढग तयार करतोय.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. आमच्या सात पिढ्या मृगाकडून पाण्याची अपेक्षा ठेवून आहेत. नक्षत्राचा आणि पावसाचा कार्यकारण संबंध अर्थातच नाही, तो कालगणनेचा योगायोग. पण पाणी तिथे आहे खरं. आणि ते पृथ्वीवरून दिसत नव्हतं कारण मध्ये आपलंच पाणी आडवं येत होतं.

25 डिसेंबर 2021 ला वेब गेली. तिथे हेलियमची टाकी उडून जायची भीती नाही. मधल्या अवरक्ताचं उपकरण बंद चक्राच्या शीतयंत्राने सात केल्विनखाली ठेवतात. पण टंचाई गेली नाही, तिने फक्त रूप बदललं. चौथ्या फेरीत उपलब्ध तासांच्या सुमारे नऊपट मागणी आली होती. त्यामुळे ते दोन आकडे लिहिताना हात अजूनही थरथरत असणार. मधल्या अवरक्ताचा वर्णपटमापक साधारण 4.9 ते 27.9 मायक्रॉनचा पल्ला बारा तुकड्यांत पाहतो. एका वेळी चार तुकडे, पण सलग नाहीत, मध्ये मध्ये भोकं असलेले. सगळा पल्ला हवा तर जाळी तीनदा फिरवायची, म्हणजे तिप्पट वेळ. एकच रेषा हवी असेल तर एकदाच. जवळच्या अवरक्ताच्या उपकरणात दोन शोधक शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्यामध्ये फट. आपली रेषा नेमकी फटीत पडली तर सगळं मुसळ केरात! दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणाने ताणला जातो, तेव्हा तर हा हिशेब आणखी जपून. हायड्रोजनची 0.656 मायक्रॉनची ओळखीची तांबडी रेषा ताम्रसृती 6 असेल तर सातपट होऊन 4.59 वर येते.

वेबच्या अगदी पहिल्या कार्यक्रमांपैकी एकात मृगातल्या तेजोमेघाची कड निवडली होती. त्या मंडळींनी एखादी रेषा मागितली नाही, जवळजवळ सगळा पल्ला मागितला, सुमारे 1 पासून 28 मायक्रॉनपर्यंत. त्या चौकटीत एका लहानशा ताऱ्याभोवतीची तबकडी आली. तिच्या वर्णपटात सात मायक्रॉनच्या आसपास काही रेषा अशा निघाल्या की त्या कुणाच्या ते कळेना. शेवटी उलगडा झाला. मिथिल कॅटायन, कार्बनी रसायनांच्या साखळीतला एक कळीचा आयन, पृथ्वीच्या सूर्यमालेबाहेर अवकाशात प्रथमच सापडला होता. हे 2023 सालचं. त्याच तबकडीच्या वर्णपटात पाणी तुटून परत तयार होतंय हेही दिसलं, महिन्याला पृथ्वीच्या समुद्रांएवढं. हे 2024 सालचं. यातलं काहीही कुणी आधी 'इथून सुरू, इथे थांब' म्हणून मागितलेलं नव्हतं. पट्टा रुंद होता म्हणून मिळालं.

आता थोडं मनाला लागणारं. टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी भारतीय उपग्रहासाठी एक उपकरण आखलं होतं. तीस सेंटिमीटरची दुर्बीण, 1.7 ते 6.4 मायक्रॉनचा पल्ला, आणि प्रकाशतंतूंच्या जुडग्यातून आकाशाच्या मोठ्या तुकड्याचा एकदम वर्णपट. निवडक वस्तूंचा नव्हे, आकाशाचाच सरसकट. प्रयोगशाळेत त्याचा नमुनाही झाला. पण ते अजून आकाशात गेलेलं नाही. मार्च 2025 मध्ये अमेरिकेची स्फिअरेक्स गेली. वीस सेंटिमीटरची दुर्बीण, 0.75 ते 5 मायक्रॉन, 102 रंग, दर सहा महिन्यांनी सगळं आकाश. पद्धत वेगळी, पण मूळची इच्छा तीच, की निवड न करता सगळं नोंदवून ठेवू, कुणाला काय हवं ते नंतर कळेल. मला हेवा वाटला हे कबूल करतो. आपला प्रश्न बरोबर होता, आपली बस चुकली. अर्थात 3 मायक्रॉनला आकाश एकदा पाहिलं म्हणून संपत नाही, आणि 5 च्या पुढचा तुकडा अजून तसाच आहे. गाडी अजून लागू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला घेऊन धरणाच्या काठाने फिरायला गेलो. नीला आणि मुळेचं हे पाणी. 1921 साली रामनवमीच्या दिवशी इथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांचं नाव इथूनच 'सेनापती' म्हणून रूढ झालं. 1924 पर्यंत लढा चालला. धरण झालंच. सुमारे पन्नास गावांची जमीन पाण्याखाली गेली, आणि ते पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करून मुंबईला जाऊ लागलं. पुढे 1944 मध्ये भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं, 1945 मध्ये टीआयएफआर सुरू झाली. या दोन गोष्टींमध्ये जमाखर्चाची सरळ रेघ मी ओढत नाही, तशी ती ओढताही येणार नाही. घराणं एक, एवढंच. पण काठावर उभं राहिलं की दोन्ही एकदम आठवतात.

आणि आणखी एक आठवतं. गावाची नोंद महसुली कागदात असते, म्हणजे क्षेत्र, आकार, खातेदाराचं नाव. तो एक अरुंद पट्टा, नुकसानभरपाईच्या प्रश्नापुरता नेमका. कोणत्या बांधावर कोणता आंबा होता, कोणत्या विहिरीचं पाणी गोड, कोणत्या खाचरातल्या आंबेमोहोराला वास जास्त, हे त्या पट्ट्यात बसत नाही. कारण तो प्रश्न तेव्हा कुणी विचारलेला नसतो. पुढे ज्यांना तो विचारावासा वाटतो, त्यांच्यासमोर पाणी असतं.

म्हणूनच मला वाटतं, अवघड निर्णय कुठे बघायचं हा नाहीच. किती रुंद बघायचं हा आहे. वेळ थोडा असतो, हेलियम उडत असतो, एकच रेषा मागणं शहाणपणाचं असतं आणि बहुतेक वेळा तेच करावं लागतं. पण दोन आकडे लिहिताना बांधाच्या पलीकडे थोडी जागा सोडावी. ती कशासाठी ते आज सांगता येणार नाही. जो विचारेल तो अजून जन्मला नसेल.

भाच्याला डिसेंबरात यायचं कबूल केलंय. ताई, हे वाचत असशील तर अंगणातला मोठा दिवा त्या रात्री बंद ठेवायची आगाऊ परवानगी देऊन टाक. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका दिसतो, तो त्याला दाखवायचाय. तिथे पाऊस पडतोय म्हणून सांगेन.

असो.